समुद्राचा तळ हिशोबात कधी धरणार?

समुद्र बिघडलाय असं आपण कधी म्हणतो? मासळी कमी आली की. किंवा किनाऱ्यावर डॉल्फिन मरून लागला, पावसाळ्यात डांबराचे गोळे वाहून आले, जाळ्यात अडकलेलं कासव कुणी व्हिडिओत दाखवलं की. मग चार दिवस चर्चा होते, बातम्या येतात, आणि ते चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण या सगळ्यात समुद्राचा तळ कुठेच नसतो. खाली खडकाला चिकटून बसलेले स्पंज, मऊ प्रवाळ, समुद्रपंखे, शंख-शिंपले, वाळूतले किडे, हे मेले तर किनाऱ्याला लागत नाहीत, वास येत नाही, फोटो निघत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याचं नुकसान सरकारी कागदावर शून्य धरलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रॉलिंग (तळावरून जाळं ओढत केलेली मासेमारी), ड्रेजिंग (तळ खणून उपसणं), भराव, वाळूउपसा यातल्या कशालाही परवानगी देण्याआधी तिथल्या तळावर आज काय जिवंत आहे हे बघणं सक्तीचं करा, आणि काही पट्टे तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना पूर्ण बंद ठेवा. समुद्र तापत चाललेला असताना हे लांबणीवर टाकणं आपल्याला परवडणारं नाही.

स्पंजपासूनच सुरुवात करतो कारण त्याची सगळ्यात जास्त उपेक्षा होते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रंध्रीय प्राणी म्हणून तो येतो, सायकॉन, युस्पाँजिया अशी दोन-चार नावं पाठ करायची, एक मार्क मिळवायचा आणि विसरून जायचं. मेंदू नाही, नसा नाहीत, पोट नाही, जागचा हलत नाही, म्हणजे काहीतरी अर्धवट प्राणी असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तो काय करतो हे बघायचं असेल तर पाणबुडे एक सोपी गोष्ट करतात. स्पंजच्या अगदी अंगाजवळ, बाजूला, थोडा हिरवा रंग पाण्यात सोडतात. पहिले काही सेकंद रंग तिथेच तरंगतो, मग स्पंजच्या अंगात ओढला जातो, नाहीसा होतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या वरच्या मोठ्या तोंडातून एकदम जोरात बाहेर पडतो, चिमणीतून धूर निघावा तसा. दगडासारखा दिसणारा तो गोळा आतून सतत पाणी ओढत असतो. आतल्या पोकळ्यांत लाखो पेशी आपापली बारीक शेपटी हलवत बसलेल्या असतात, त्याच पंप आणि त्याच गाळणी. एक किलोचा स्पंज दिवसाला २४ हजार लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो असा अंदाज आहे, आणि त्या पाण्यातले बहुतेक जिवाणू तो पकडतो.

त्याहून मोठी गोष्ट २०१३ मध्ये सायन्स या विज्ञान साप्ताहिकात आली. प्रवाळ आणि शैवाल जे सेंद्रिय द्रव्य पाण्यात सोडतात ते विरघळलेलं असतं, बहुतेक प्राण्यांना ते खाताच येत नाही. डच संशोधकांनी दाखवलं की स्पंज ते शोषून घेतात, स्वतःच्या गाळणीच्या पेशी फार भराभर बदलतात आणि जुन्या पेशी बाहेर टाकतात, आणि तो कचरा खेकडे, किडे, गोगलगायी खातात, त्यांना मासे खातात. म्हणजे जे अन्न पाण्यात वाया जाणार होतं ते स्पंजमुळे परत तळावरच्या साखळीत येतं. प्रवाळाच्या खडकावर एवढी वर्दळ कशी पोसली जाते या जुन्या कोड्याचं एक मोठं उत्तर हे आहे. आता असा प्राणी एखाद्या पट्ट्यातून गेला तर फक्त तो एक प्राणी जात नाही हे वेगळं सांगायला नको.

तर या पंपावर ताण कशाचा येतो? पहिला ताण उष्णतेचा. स्पंजच्या अंगात प्रचंड संख्येने सूक्ष्मजीव राहतात, काही जातींमध्ये वजनाचा तिसरा हिस्सा किंवा जास्तच. ही भाडेकरू मंडळी नाहीत, त्याच्या पचनाचा आणि संरक्षणाचा भाग आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजवर २००८ च्या सुमारास प्रयोग झाले, ३१ अंशाला तो आणि त्याचे सूक्ष्मजीव ठीक होते, ३३ अंशाला काही दिवसांतच मूळचे सूक्ष्मजीव गेले, परके आले आणि स्पंज कुजायला लागला. फक्त दोन अंश. आपल्याकडे दोन अंशांनी पंखा एकने वाढवतो माणूस, तिथे जगणं आणि मरणं त्यात बसतं. आणि २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमध्ये जे झालं ते तर प्रयोगशाळेतलंही नव्हतं. उष्णतेच्या लाटेत तिथलं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा चार-पाच अंशांनी वर गेलं आणि चॉकलेटी रंगाचे लाखो स्पंज पांढरेफटक पडले, जगात स्पंजचं एवढं मोठं ब्लीचिंग आधी कुणी नोंदवलेलं नव्हतं. त्यातले बरेच नंतर सावरले, हेही सांगायला हवं. पण ते कळलं कशामुळे? तिथे विद्यापीठाची मंडळी पाण्यात उतरून बघत होती म्हणून. कुणी उतरलंच नसतं तर एवढी मोठी घटना झाली आणि गेली, कुणाला पत्ता लागला नसता.

दुसरा ताण गाळाचा, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने हा जास्त महत्त्वाचा, कारण तो आपल्या हातातला आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्यात काचेचे स्पंज आहेत, सिलिकाचा सांगाडा असलेले. त्यांनी रचलेल्या भिंती १९८७ मध्ये सापडल्या, तोवर अशा भिंती फक्त जीवाश्मांत आहेत असं समजलं जायचं. या स्पंजांच्या अंगात गाळ शिरला की ते पंप थांबवतात. नसा नाहीत तरी अंगभर विजेचा संदेश जातो आणि काही सेकंदांत सगळ्या शेपट्या बंद. थोडा गाळ असेल तर मग पुन्हा सुरू करतात, पण गाळ येतच राहिला तर बंदच राहतात, आणि पंप बंद म्हणजे खाणं बंद, श्वासही बंद. शेजारून ट्रॉलर गेला, जाळं स्पंजला लागलंही नाही, तरी उठलेला गाळ त्याचं काम थांबवू शकतो. म्हणून कॅनडाने २०१७ मध्ये तिथे संरक्षित क्षेत्र केलं तेव्हा स्पंज आहेत तेवढाच तुकडा राखला नाही, आजूबाजूच्या पट्ट्यावर आणि वरच्या पाण्यावरही नियम घातले.

आता हे दोन्ही एकत्र करून बघा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी प्राण्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणजे पंप जास्त चालवायला हवा. नेमका तेव्हाच गाळाने पंप बंद पाडला तर? उष्णता एकटी आली असती तर कदाचित तगला असता, गाळ एकटा आला असता तरी तगला असता. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. लोक म्हणतात की हवामान बदल जागतिक आहे, रत्नागिरीत किंवा मालवणात बसून आपण काय करणार. अरबी समुद्र तापायचा थांबवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही हे खरंच. पण तापलेल्या समुद्रात जे जीव आधीच टेकीला आलेत त्यांच्या अंगावर वरून गाळ टाकायचा की नाही, त्यांच्यावरून लोखंडी साखळी ओढायची की नाही, हे शंभर टक्के आपल्या हातात आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर आणखी एक ताण आधीपासून आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकून किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर पसरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या शास्त्रज्ञांनी २००० साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात याची मांडणी केली होती आणि शेतातलं खत, सांडपाणी यामुळे ते आणखी वाढत असावं असं म्हटलं होतं. स्पंज तसे चिवट आहेत, काही जाती अगदी कमी ऑक्सिजनमध्येही टिकतात. तळावरच्या बाकीच्या जिवांचं तसं नाही. आणि आपली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, ऑगस्टमध्ये ट्रॉलर बाहेर पडतात, म्हणजे तळाचा श्वास सगळ्यात कोंडलेला असतो त्याच दिवसांत तळ खरवडायला सुरुवात होते. बंदीच्या तारखा ठरतात माशांच्या विणीवरून आणि वादळी हवेवरून, ते बरोबरच आहे, पण तळाचा विचार त्यात कधीच झाला नाही.

तळ गेला तर मासळीचं काय होतं, हे बघायला ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याचं उदाहरण माझ्या मते प्रत्येक मच्छीमार सोसायटीत सांगितलं पाहिजे. १९७० च्या दशकात तिथे तैवानच्या ट्रॉलर्सनी, दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढत, जोरात मासेमारी केली. सुरुवातीच्या वर्षांत टनाटनाने स्पंज जाळ्यात यायचे, पुढे ते येईनासे झाले. आणि त्याबरोबर मासळीही बदलली. तांबोशीच्या जातकुळीतले आणि एम्परर म्हणतात ते मोठे, भाव मिळणारे मासे कमी झाले आणि त्यांच्या जागी राणी मासा आणि चोर बोंबील यांच्या जाती वाढल्या. सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओच्या कीथ सेन्सबरी यांनी प्रश्न असा विचारला की मोठे मासे फक्त जास्त पकडल्यामुळे कमी झाले, की ते ज्या स्पंजांच्या आसऱ्याला राहायचे ते स्पंजच गेल्यामुळे? मग १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी चक्क प्रयोग लावला, काही पट्टे ट्रॉलिंगला बंद केले, काही चालू ठेवले, आणि जाळ्याला कॅमेरा लावून तळ बघितला. बंद पट्ट्यात तांबोशी-एम्पररसारखे मासे आणि तळावरचे छोटे जीव वाढले, चालू पट्ट्यात कमी होत गेले. मोठे स्पंज मात्र फारच सावकाश परत येतात असं दिसलं. कॅमेऱ्यात हेही दिसलं की जाळ्याच्या खालच्या दोराला स्पंज लागला की बहुतेक वेळा तो उपटतो, पण वर जाळ्यात फारसा येत नाही, खालीच गडगडत राहतो. म्हणजे जाळ्यात स्पंज येत नाहीत म्हणून खाली नुकसान होत नाही, हा युक्तिवाद तिथेच संपला. पुढे त्या किनाऱ्यावर मोठे पट्टे ट्रॉलिंगला बंद झाले आणि सापळे लावून तीच भारी मासळी पकडण्याचा धंदा उभा राहिला.

राणी मासा आणि चोर बोंबील ही नावं वाचून आपल्या बंदरातल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. महाराष्ट्राच्या ट्रॉलर्सच्या मासळीत राणी मासा ढिगाने असतो आणि त्यातला बराच सुरिमीच्या, म्हणजे माशाच्या मांसाचा लगदा करणाऱ्या फॅक्टरीत जातो. आता ऑस्ट्रेलियात झालं तेच कारण इथे आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधी इथला तळ बघायला लागेल, आणि मी मागतोय तेही तेच. तळाशी राहणाऱ्या जिवाचं काय होतं याचं आपल्या घरचं उदाहरण मात्र आहेच. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारा चपटा शेवंड ट्रॉलच्या जाळ्यात भरपूर यायचा, अंड्यांवरच्या माद्याही त्यातच जायच्या, आणि १९९४ पर्यंत ती मासेमारी पार कोसळली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) कागदपत्रांत ते सगळं नोंदलेलं आहे. एवढी मौल्यवान जात एका पिढीच्या डोळ्यांदेखत गेली आणि त्यावर ना कुठे आंदोलन झालं ना अधिवेशनात प्रश्न आला.

धक्क्यावर ट्रॉलर लागला की मासळी निवडणाऱ्या बायका बसतात, त्यांच्या हाताचा वेग बघण्यासारखा असतो. कोळंबी इकडे, म्हाकूल तिकडे, राणी वेगळा, बारीकसारीक चिंगळं-पिल्लं फिशमिलच्या ढिगात. शेवटी जे उरतं, फुटके शंख, समुद्रपंख्याच्या काटक्या, स्पंजचा एखादा तपकिरी भोकाभोकांचा तुकडा, त्याला भयंकर उग्र वास असतो, ते सगळं फावड्याने परत पाण्यात लोटलं जातं. तळाचं काय चाललंय हे सांगणारी रोजची माहिती त्या फावड्यावर असते. ती कुणी लिहून ठेवत नाही, कारण लिहायला कुणी सांगितलंच नाही. मासळीची नोंद जातवार होते, या उरलेल्यासाठीही एक रकाना करून नोंद सक्तीची केली तर दोन वर्षांत नकाशा उभा राहील की कुठल्या पाण्यात अजून स्पंज आहेत.

याच्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही खरोखर विचार करण्यासारखं आहे. एक म्हणजे, स्पंज उष्णतेला प्रवाळापेक्षा जास्त तोंड देतात, कॅरिबियनमध्ये प्रवाळ मेल्यावर स्पंज वाढलेत, मग काळजी कशाला? हे अर्धंच खरं आहे. वाढतात ते सगळे स्पंज नाहीत, काही ठराविक जाती वाढतात. त्यात प्रवाळाचा चुना पोखरणारे स्पंज आहेत, ज्यांचं पोखरणं पाणी आम्लधर्मी झालं की आणखी वेगाने होतं. जिवंत प्रवाळावर काळी चादर पसरवून त्याला मारणारा एक स्पंज आहे, तो आपल्या पाल्कच्या उपसागरात आणि लक्षद्वीपमध्येही नोंदला गेलाय. म्हणजे ताण वाढला की तळ रिकामा होतो असं नाही, तो बदलतो, आणि बदललेला तळ तीच मासळी, तोच आसरा देईल याची काही खात्री नाही. फ्लोरिडाच्या उथळ खाडीत १९९१-९२ मध्ये निळ्या-हिरव्या शैवालाचा पूर आला आणि मोठे मोठे स्पंज मेले, त्या स्पंजांच्या खाली शेवंडाची पिल्लं लपायची, त्यांचा आसरा गेला. दुसरा कुठला जीव वाढला असेलही तिथे, शेवंडाच्या पिल्लाला त्याचा काय उपयोग?

दुसरा मुद्दा, आपला तळ म्हणजे चिखल, तिथे कुठला स्पंज. किनाऱ्यालगतचा बराच भाग चिखलाचा आहे हे अगदी बरोबर. पण मालवणचे खडक आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी आहे, वाढवणसारखे भरती-ओहोटीतले खडकाळ पट्टे आहेत, बाहेर खोलात जुन्या चुनखडीचा आणि वाळूचा तळ आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, चारी बाजूंनी खोल समुद्र आणि मध्ये पाण्याखाली वीसेक मीटरपर्यंत वर येणारं पठार, प्रवाळ आणि स्पंजांनी भरलेलं. सगळीकडे ट्रॉलिंग बंद करा असं कुणी म्हणतच नाहीये. चिखल कुठे, खडक कुठे, हे नकाशावर मांडा आणि खडक सोडा, एवढंच.

तिसरा मुद्दा पोटाचा, आणि तो सगळ्यात जड आहे. ट्रॉलरवर कर्ज आहे, डिझेलचे भाव आहेत, खलाशांचे पगार आहेत, पट्टा बंद केला तर मालक कुठे जाणार? हे बोलणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवणं मला मान्य नाही. पण यात रापणवाला, गळवाला, छोट्या होडीचा पारंपरिक मच्छीमार कुठे आहे? मालवणात तो कित्येक वर्षं रस्त्यावर उतरून हेच सांगतोय की मोठ्या यांत्रिक नौकांनी आमचं पाणी खाली केलं. खडकाच्या आसऱ्याची तांबोशी, गोब्रा, शेवंड ही त्याची मासळी आहे. तळ राखला तर पहिला फायदा त्याला आहे. आणि ज्यांचे पट्टे बंद होतील त्यांना नुकसानभरपाई, जाळी-साधनं बदलायला पैसा हे सरकारनेच द्यायला हवं, उगाच बंदीचा जीआर काढून मोकळं होणं हा अन्याय आहे.

आता परवानग्यांकडे येतो. बंदर, भराव, ड्रेजिंग यांच्या पर्यावरण अहवालात तळावरच्या जिवांचा भाग असतोच, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा कसा होतो? ग्रॅब नावाचा लोखंडी जबडा बोटीवरून खाली सोडायचा, त्याने मूठभर चिखल वर आणायचा, चाळायचा, त्यातले किडे मोजायचे. चिखलासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण खडकावर ग्रॅब बंदच होत नाही, रिकामा वर येतो, आणि स्पंज, समुद्रपंखे, मऊ प्रवाळ तर खडकावरच असतात. मग अहवालात त्या जागी फारसं काही आढळलं नाही असं येतं आणि पुढच्या टेबलावर त्याचा अर्थ काहीच नाही असा होतो. वाढवणला बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचं ठरलंय, ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प आहे, त्यासाठीची वाळू दमणच्या बाजूच्या समुद्रातून काढायची आहे. बंदर हवं की नको हा वाद मी इथे घालत नाही. पण एवढ्या पैशात तळावर कॅमेरा फिरवायला किती लागेल? खाण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रातल्या खनिजांच्या पहिल्या १३ ब्लॉक्सचा लिलाव काढला, त्यात केरळच्या कोल्लमजवळच्या बांधकामाच्या वाळूचे ३ ब्लॉक होते, तिथल्या मच्छीमारांनी २०२५ मध्ये किनारा बंद ठेवून विरोध केला कारण ते त्यांचं भरघोस मासळीचं पाणी आहे. उद्या असा ब्लॉक कोकणासमोर निघाला तर आपल्या हातात दाखवायला काय आहे?

पश्चिम ऑस्ट्रेलियात ड्रेजिंगमुळे स्पंज आणि प्रवाळांवर किती गाळ किती दिवस चालतो यावर मोठा संशोधन कार्यक्रम झाला आणि त्याच्या पैशातला मोठा वाटा कंपन्यांवर घातलेल्या अटींमधून आला. म्हणजे ज्याला समुद्र उपसायचा आहे त्याने समुद्र समजून घ्यायचा खर्च उचलायचा. आपल्याकडे ही अट परवानगीच्या पत्रात घालायला कुणी अडवलंय?

आंग्रियाचं त्रांगडं वेगळंच आहे. ते १२ सागरी मैलांच्या बाहेर आहे, राज्याला तिथे अभयारण्य घोषित करता येत नाही, केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली घोषित करायला हवं. २०२० च्या सुमारास राज्याने तसं पाऊल टाकायचं म्हटलं, त्यावर बातम्याही आल्या. सरखेल कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी जागा आहे ही, तिच्याबद्दल अभिमानाने बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मग कोकणातल्या खासदारांनी ही एक फाइल हातात घेऊन दिल्लीत पाठपुरावा का करू नये?

आणि तोपर्यंत थांबायची गरज नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९ चौरस किलोमीटरचं. तारकर्ली-मालवणात डायव्हिंग शिकलेली स्थानिक मुलं ऑक्टोबर ते मे रोज पर्यटकांना घेऊन त्याच त्याच खडकांवर उतरतात. त्यांना एक मोजमापाची चौकट आणि पाण्यातला थर्मामीटर द्या, ठरलेल्या खडकांचा महिन्यातून एकदा तीच चौकट ठेवून फोटो घ्यायचा, त्याचे पैसे द्या, आणि ओळख पटवायचं काम एनआयओ किंवा विद्यापीठाकडे द्या. मालवणच्या प्रवाळांचं ब्लीचिंग एनआयओच्या मंडळींनी गेल्या दशकात नोंदवलेलं आहेच, त्यात स्पंजांची भर पडेल. हे फोटो तारखेसकट सगळ्यांना बघायला खुले हवेत, अभयारण्याच्या ऑफिसातल्या कपाटात नकोत, म्हणजे पुढच्या जनसुनावणीत कुणी तळावर काही नाही म्हणालं तर गावातला कुणीही मोबाइलवर दाखवू शकेल की हा खडक, ही तारीख, आणि हे त्याच्यावर होतं.